सात मांडलिक आणि चार दहाची गाडी

धार फितूर झाली तेव्हा माझे दोन्ही हात बेसनात होते. कॉम्प्युटरमधून रणशिंग वाजलं म्हणून मी तशीच स्वयंपाकघरातून पळत आले, आणि पाहते तर आमच्या सातपैकी सहा मांडलिकांनी एकाच दिवशी आमच्यावर युद्ध पुकारलेलं. सगळ्यांच्या पुढे धार. जिला मी सगळ्यांत जास्त जपलं, ती. त्या गडबडीत दाबलेल्या बटणांच्या फटींत आजही बेसन आहे. एक बटण दाबलं की वर यायला वेळ घेतं, माझ्या गुडघ्यांसारखं.

काय प्रकरण आहे ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईला ऊन लागलं.

आमचे हे, उमेंद्र, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. लोक कंट्रोलर म्हणत. शेवटची अकरा वर्षं अर्जुनी मोरगावच्या स्टँडवर. रिटायर झाल्यावर घरात कंट्रोल करायला मी एकटीच उरले. कुकर आठ मिनिटं उशिरा लागला, अशी माझी नोंद व्हायला लागली. सकाळचा चहा 'सुटायची' वेळ भिंतीवर लिहून झाली. तेव्हा आमच्या मुलीनं, चेतनानं, हैदराबादला परत जाता जाता घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक खेळ टाकून दिला. जुन्या काळातलं राज्य चालवायचा खेळ. पडद्यावर नकाशा, नकाशावर रंग, आणि आपण राजा.

ह्यांनी गढ्याचं राज्य घेतलं, कारण त्या नकाशात आपल्या बाजूचं मोठं राज्य तेच होतं. थोडं लढून आणि बरंचसं गोड बोलून दोन वर्षांत सात मांडलिक केले. लांजी, खेरला, चांदा, रतनपूर, कांकेर, बस्तर आणि धार. मांडलिक म्हणजे आपल्या हाताखालचा छोटा राजा. तो वर्षाला खंडणी देतो, आपल्या लढाईत येतो आणि मनातल्या मनात कुढतो. कुढणं किती आहे तेही खेळात दिसतं. प्रत्येकाच्या नावापुढे आकडा असतो, स्वातंत्र्याची इच्छा इतके टक्के. पन्नासच्या खाली असली तर ऐकतो, वर गेली की तोंड फिरवतो. ही सोय संसारात नाही हे एका अर्थी बरंच. मागं एकदा मला माहेरी जायचं होतं आणि ह्यांनी ऐनवेळी आठ पाहुणे जेवायला बोलावले. त्या दिवशी माझा आकडा पासष्टच्या खाली नसता.

धार शेवटी आली. आम्ही पोवार, आमचे पूर्वज कधीकाळी माळव्यातून, धारेहून इकडे आले म्हणतात. आमच्या घरात धार पाहिलेला माणूस एकही नाही, पण धारेचं नाव काढलं की सगळे ताठ बसतात. ज्या दिवशी धार ह्यांची मांडलिक झाली, त्या दिवशी ह्यांनी गल्लीत पेढे वाटले. शेजारच्या मुन्नीबाईनं पेढा तोंडात टाकत विचारलं, "चेतनाचं जमलं का जी?"

हे म्हणाले, "नाही. धार जमली."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, जत्रेसारखी. मग चेतनाला फोन. "मंडईले ये व. तुले धार दाखवतो." चेतना म्हणाली, या वर्षी सुट्टी नाही बाबूजी, पुढच्या मंडईला नक्की. हे म्हणाले, "ये मग. मी सांभाळून ठेवतो."

मला वाटतं, ह्यांनी तेव्हापासून मनात धरलेली ती एकच गोष्ट शेवटपर्यंत टिकली. बाकीच्या जायला लागल्या.

आधी चष्मा, मग किल्ल्या, मग वारांची नावं. मग एका दुपारी मी ताकाचा पेला घेऊन गेले, तर हे पडद्यासमोर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेले. त्यांनी चांद्यावर स्वारी केली होती. चांदा, जो आपला सगळ्यांत गुणी मांडलिक, आकडा फक्त अकरा!

"काऊन जी? तो तं आपलाच होये ना?"

"मले वाटलं दुसरा कोन होये," ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "चेतना येईल तवा का दाखवू?"

गोंदियाच्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, ते उजेडावर धरले आणि म्हणाले, हळूहळू जाईल. मी विचारलं काय जाईल, तर म्हणाले त्यांना ज्याची आवड आहे ते करू द्या. ह्याला उत्तर म्हणत नाहीत, पण डॉक्टरांना तसं सांगता येत नाही.

तर असं माझ्याकडे राज्य आलं. मला कोणी राज्याभिषेक केला नाही. मी दहावी नापास बाई, इंग्रजी वाचायला शिकले ती औषधांच्या पाकिटांवरून. चेतनाचा शाळेतला शब्दकोश मांडीवर घेऊन मी तो खेळ अक्षर अक्षर लावला. पहिल्या आठवड्यात रतनपूरला भेट पाठवायची म्हणून स्वतःचाच किल्ला पाडला. दुसऱ्या आठवड्यात कांकेरच्या म्हाताऱ्या राजाशी आमच्या राजकन्येचं लग्न ठरवून बसले. तिचं वय खाली लिहिलेलं असतं हे मला नंतर कळलं. अजून वाईट वाटतं त्या पोरीचं.

रोज दुपारी हे झोपले की दोन तास माझा दरबार. आणि रोज सकाळी चहासोबत मी विचारायची, "मांडलिक किती जी?" हे बोटं न मोजता, स्टँडवर थांबे पुकारायचे तसे पुकारायचे, "लांजी, खेरला, चांदा, रतनपूर, कांकेर, बस्तर, धाऽऽर." सात झाले की मी गॅस पेटवायची. सात म्हणजे आज माणूस घरात आहे. ह्यांना वाटायचं राज्य तेच चालवत आहेत. मला फक्त पुढची मंडई गाठायची होती. लेक येईल, हे स्वतः तिला धार दाखवतील, तिच्या नावानं हाक मारून. तेवढं झालं की मग जायचं ते जाऊ दे, असं मी डॉक्टरांच्या त्या फोटोंना सांगून ठेवलं होतं.

पण गल्लीत राज्य चालवणं सोपं नाही. मुन्नीबाईला खेळातलं काही कळत नव्हतं, पण सल्ल्याला त्याची गरज नसते. एक दिवस ती निवडायला मेथी घेऊन आली, ती पडदा पाहून थबकली.

"हे पिवळं का होये वो?"

"धार. वर्षाची खंडणी घेऊन राहिली मी."

मुन्नीबाईच्या हातातली मेथी खाली आली. "धारेपासून घेतेस? अवो, गडकालिका तिथची! कुलदेवीच्या गावचं आनून खाशील का तू? म्हनूनच तं भाऊजीची तब्येत अशी होऊन राहिली!"

आता मी काही अंधश्रद्ध बाई नाही. पण घरातलं माणूस रोज थोडं थोडं कमी होत असताना कोणी कारण सांगितलं, तर ते खोटं आहे हे माहीत असूनही हात जातोच. मी धारेची खंडणी माफ केली. पडद्यावरच्या धारेला हळदीकुंकूही लावलं. ते पुसताना कुंकू पसरलं आणि अर्धा माळवा कायमचा तांबूस झाला.

इथंच थांबले असते तर निभावलं असतं. पण मला रात्रंदिवस टोचायला लागलं. लग्नात एका जावेला जरीचं लुगडं आणि बाकीच्यांना साधं, असं आमच्यात चालत नाही. पुढची वीस वर्षं ऐकावं लागतं. धारेला माफ केलं आणि लांजीचं काय? लांजी तर इथून हाकेच्या अंतरावर, सुखदुःखाला धावून येणारी. मी लांजीची माफ केली. मग खेरला बिचारा गरीब. मग बस्तर लांबचा, त्याला वाटेल आपल्याला मोजत नाहीत. आठवड्याभरात मी सातही जणांची खंडणी माफ केली आणि प्रत्येकाला सारखा आहेर पाठवला. सगळ्यांचे आकडे झरझर खाली आले. कांकेर तर तीनवर. इतकी समाधानी माणसं मी माझ्या सासरी कधी पाहिली नव्हती.

समोरचे शालीकराम भाऊजी रिटायर तलाठी. त्यांनी ही बातमी ऐकून चष्मा कपाळावर चढवला.

"वहिनी, चूक करून राहिल्या तुम्ही. मांडलिकाचं पोट भरलं का तो आधी दंड फुगवते."

"तुमच्या मनात कोनाचं चांगलं आलं कधी?" मुन्नीबाई कुंपणापलीकडून म्हणाली. "सातबाऱ्यात नाव चढवाले तुम्ही माझ्या सासऱ्याले नऊ चकरा मारवल्या."

"नऊ नाही, सहा," भाऊजी म्हणाले. "कागद अपुरे होते." आणि आत निघून गेले. राज्यावरची चर्चा तिथं संपली आणि सातबाऱ्यावरची अजून चालू आहे.

त्यातच नोव्हेंबर लागला. नोव्हेंबरात पेन्शनवाल्या माणसानं आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवून द्यावं लागतं. कचेरीत खिडकीमागे एक तरुण कारकून बसलेला. ह्यांचा अंगठा यंत्रानं घेतला नाही. यंत्राच्या मते ते कोणी नव्हते. मग चेहऱ्याचा फोटो. त्यात पापणी लववावी लागते. हे कॅमेऱ्याकडे असे रोखून पाहत बसले, की मागच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "का मूर्ती बनवून राहिले का गा?"

"काका, नाव तरी सांगा," कारकून म्हणाला. "नाव सांगितलं तर मी हातानं भरतो."

हे माझ्याकडे वळले. मी ओठ हलवले. कारकून म्हणाला, "काकू, तुम्ही नाही. त्यांना सांगू द्या."

हे ताठ झाले आणि म्हणाले, "गढ्याचा राजा."

रांगेत हसू फुटलं. कारकून हसला नाही. त्यानं अर्जाकडे पाहिलं, जसा काही तिथं तसा रकाना आहे का बघतोय. "बरं, राजेसाहेब. पुरावा काही?"

"लांजी, खेरला, चांदा, रतनपूर, कांकेर, बस्तर, धार," हे म्हणाले. एकही चुकलं नाही.

"आणि ह्या कोण?" त्यानं माझ्याकडे बोट केलं.

ह्यांनी मला नीट पाहून घेतलं. पदर, पिशवी, चपला. बत्तीस वर्षं मी ह्या माणसाच्या डब्यात पोळ्या भरल्या. "ह्या होय का," ते सभ्यपणे म्हणाले. "आमच्याकडच्याच आहेत. मांडलिक असतील."

मी रांगेकडे पाहिलं नाही. पिशवीतले कागद उगाच सरळ केले. ते आधीच सरळ होते.

कारकुनानं अर्जावरचं नाव पुन्हा वाचलं. मग खिडकीच्या जाळीशी तोंड आणून हळूच म्हणाला, "कंट्रोलर साहेब? अर्जुनीच्या स्टँडवरचे ना तुम्ही? मी कॉलेजला असताना तुम्ही माझ्यासाठी दोनदा गाडी थांबवली होती." हे नुसते पाहत राहिले. "साहेब, केशोरीची गाडी किती वाजता?"

"चार दहा," हे तत्काळ म्हणाले. "फलाट दोन. धावू नका, जागा मिळते."

कारकुनानं शिक्का उचलला. "जिवंत आहेत," तो म्हणाला आणि दाणकन मारला.

केशोरी माझं माहेर. ह्यांना ते त्या क्षणी माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही.

आणि मग तो बेसनाचा दिवस. चेतना दुसऱ्या दिवशी येणार, तिला पातोडीची भाजी आवडते, म्हणून मी बेसन घोटत होते. चूल सोडवत नव्हती म्हणून खेळ तसाच चालू ठेवला होता. शालीकराम भाऊजींचं खरं झालं. माफीच्या वर्षांत माझ्या मांडलिकांनी फौजा उभ्या केल्या होत्या, आणि माझ्या खजिन्यात कोणी काही टाकत नव्हतं म्हणून माझी फौज घरी गेली होती. खेळ सगळ्या मांडलिकांची ताकद एकत्र करून माझ्या ताकदीशी ताडून पाहतो, हे शब्दकोशात नव्हतं. एका फटक्यात सहा जणांचे आकडे नव्वदच्या वर गेले. आमच्या बाजूनं एकटा चांदा राहिला. ज्याच्यावर आपण चुकून स्वारी केली होती, तोच. बेसन लागलेल्या हातांनी मी दोन तास लढले. संध्याकाळी गढा पडलं. नकाशावर आमचा रंग कुठंच उरला नाही, नुसतं माळव्यावर कुंकू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा देताना विचारलं नाही. हे वाट पाहत राहिले. मग स्वतःच सुरू झाले, "लांजी, खेरला..." आणि थांबले. कप खाली ठेवला. "पुढचा थांबा कोनता जी?"

मी सांगितलं, "चांदा." त्यांनी मान डोलावली, पण पुढे गेले नाहीत.

चेतना आली ती बॅग घेऊन थेट कॉम्प्युटरपाशी. फोनवर मी रडत काय काय सांगितलं होतं, त्यातलं तिला एवढंच कळलं होतं की धार गेली. तिनं दोन-चार ठिकाणी दाबलं आणि मागे वळून म्हणाली, "आई, जुना खेळ जपून ठेवलेला असतो अगं. दर वर्षाचा. कुठल्याही वर्षात परत जाता येतं. तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं. सहा महिने मी मांडीवर शब्दकोश घेऊन एक राज्य पाठीवर वाहत होते, आणि परत जायचं बटण वर कोपऱ्यात होतं.

"कोणत्या वर्षात जाऊ?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "पेढे वाटले तिथं."

रंग परत आला. गढा, आणि भोवती सात. धार पिवळी. आम्ही ह्यांना हात धरून आणलं, खुर्चीत बसवलं. त्यांनी पडदा पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी सांगू शकत नाही. सरळ झाले. बोट पुढे केलं, कुंकवाच्या डागावर ठेवलं आणि म्हणाले, "धार."

चेतना त्यांच्या खुर्चीशी खाली बसली. "हो बाबूजी. दाखवा ना मला."

हे तिच्याकडे वळले. मग खांद्यावरचा दुपट्टा काढला, तो नीट उलगडला आणि पडद्यावर टाकला. कोपरेसुद्धा ओढून सारखे केले.

"आता नाही बाई," ते तिला समजावत म्हणाले. "हे माझ्या पोरीसाठी ठेवलं आहे. ती मंडईले येनार आहे. तिनं पाहिलं का मग तुम्ही पाहा. तवापर्यंत बसा. पानी घ्या."

चेतना उठली आणि स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ वाहत होता. मी बाहेर ह्यांच्याजवळ बसून राहिले, कारण पाहुणी आत गेली म्हणून हे काळजीत पडले होते, तिला पाणी मिळालं की नाही.

मंडईचे चार दिवस ती राहिली. रोज संध्याकाळी दुपट्ट्यासमोर त्यांच्याजवळ बसायची आणि दोघं मिळून चेतनाची वाट पाहायचे. जाताना ती मला म्हणाली, आई, दुपट्टा काढू नकोस. मी काढलेला नाही. आठवड्यातून एकदा वरची धूळ झटकते.

आता राज्याला काम उरलं नाही, तशी माझी दुपार मोकळी असते. मागच्या आठवड्यात हे अंगणात बाजेवर बसले होते, मी शेजारी वाल सोलत होते. बराच वेळ माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई, तुम्ही लय दिवस राहिल्या आमच्याकडे."

"राहिली जी."

"काम पन बहुत केलं. मी पाहून राहिलो." ते विचार करत थांबले. राजानं काही देऊन टाकायचं ठरवल्यावर चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. "आता तुम्ही मोकळ्या. आमचं काही म्हननं नाही. आपल्या गावाले जा. कोनतं गाव तुमचं?"

"केशोरी."

"मग चार दहाची आहे. फलाट दोन. धावू नका, जागा मिळते."

बत्तीस वर्षांत मला कोणी इतक्या सहज माहेरी जायला सांगितलं नव्हतं. मी वालाच्या शेंगा ओटीत तशाच धरून बसले. माझ्या नावापुढे त्या वेळी कोणी आकडा लिहिला असता, तर त्याला शून्य लिहावं लागलं असतं.

"गाडी गेली जी," मी म्हणाले. "साडेचार वाजले."

"अरे! मग आता?"

"उद्या जाईन."

"उद्या जा," ते म्हणाले आणि सरकून बाजेवर मला जागा करून दिली.

तेव्हापासून रोज चालतं. रोज मला मोकळं करतात, रोज गाडी चुकते. काल मात्र चिडले. म्हणाले, "तुम्ही रोजच कशा चुकवता वो बाई? कंट्रोलरकडे तक्रार करा."

म्हटलं, "केली जी. ते म्हणाले, बसा."